मुंगीची पावलं ऐकणारा माईक

२०१९ च्या सुरुवातीला आमच्या तलासरीकडच्या पाड्यात सगळे अंगणात ताडपत्रीखाली झोपत होते. भूकंपाचे हादरे नेहमीचे झाले होते. आत्याने घरातल्या फळीवर स्टीलचे पेले एकावर एक रचले होते. ते वाजले की बाहेर पळायचं.

मला घरापेक्षा जास्त काळजी आत्याची होती. हळदीची सगळी गाणी तिला एकटीलाच येत होती आणि दिवसभर ती चुलीपाशी, त्याच कौलांखाली. तिची गाणी तरी वाचवू म्हणून मी डहाणूला माईक आणायला गेलो.

दुकानदाराने स्वस्तातले दोन दाखवले. एक साधा, तोंडाजवळ धरायचा. दुसरा कंडेन्सर.

"हा मुंगीची पावलंपण ऐकेल," तो म्हणाला. "पण घरात शांतता पाहिजे, भाई."

"आमच्याकडे दुसरं आहे काय?" असं ऐटीत सांगून मी मुंगीवाला उचलला.

घरी त्याने कोंबड्या ऐकल्या, शेजारचा पंप ऐकला. मग मी दारावर गोधड्या टांगल्या, कोंबड्या घुसू नयेत म्हणून पत्र्याची पेटी आतून दाराला लावली. तरी हेडफोनमध्ये काहीतरी बारीक किणकिणत होतंच. पेले. तेही उतरवून गोधडीत गुंडाळले.

"ते नको रे काढू," आत्या म्हणाली.

"दहाच मिनिटं गं."

दुसऱ्या कडव्याला हेडफोनमध्ये घरघर आली. "थांब आत्या, ट्रक जातोय."

"आपल्या पायवाटेवरून?"

तेवढ्यात जमिनीतून धडाम् आवाज आला आणि कौलं कडाडली. दार आत उघडणारं, आणि मी पेटी जीव खाऊन दाराकडेच ढकलत होतो. हेडफोनची वायर गळ्यात. कौलाची माती डोक्यावर पडत होती आणि एकच विचार होता, हिला इथे मी कोंडलं. शेवटी आत्यानेच पेटी मागे ओढली, दार उघडलं आणि माझी कॉलर धरून मला बाहेर काढलं.

"गाणी वाचवणार होता," ती धापा टाकत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी माईक बदलून साधा आणला. आत्याने आधी पेले फळीवर रचून घेतले, मग अंगणात बसून गायली. मधेच पेले वाजले. ती गातच राहिली. मी मात्र अंगणातून अंगणातच पळालो. त्या रेकॉर्डिंगमध्ये तिचा आवाज स्वच्छ आहे. माझ्या पळत्या चपलांचाही आलाय, साध्या माईकवरसुद्धा.