मालकिणीची एक पायरी

मला जुने काळे-पांढरे अमेरिकन विनोदी सिनेमे आवडतात. असोद्यासारख्या खेड्यात राहून असं म्हटलं की लोकांना मी शिष्ट वाटते. वाटू दे. जळगावच्या कॉलेजात जन्मभर इंग्रजी शिकवलं, एसटीच्या धक्क्यांत पेपर तपासले, तेवढा हक्क मला आहे.

त्या सिनेमांत एक श्रीमंत घर असतं. घरातली लाडावलेली मुलगी बापाशी भांडून पळते आणि एखाद्या फाटक्या खिशाच्या, तोंडाळ माणसाशी तिची गाठ पडते. दोघं इतक्या झपाट्यानं भांडतात की खालची अक्षरं वाचेपर्यंत पुढचे दोन टोमणे निघून जातात. नोकर मालकाहून सभ्य, मालकीण नोकराहून वेंधळी. झुळझुळीत गाऊन घातलेली बाई चिखलात बसकण मारते आणि तरीही मान ताठ ठेवते, तेव्हा मला हसू आवरत नाही. मी वर्गात सांगायचे, मालकिणीला एक पायरी खाली उतरवा, हशा आपोआप पिकतो. मुलं बिचारी लिहून घ्यायची.

पाहायला सोबत असायची ती आमच्या सालदाराची बायको. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राहणारा गडी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याचं साल संपतं आणि नवं ठरतं. आमच्याकडे मात्र ते ठरवणं नावापुरतंच उरलं होतं, इतकी वर्षं ते कुटुंब आमच्या केळीच्या बागेत राहत होतं. मूळचे साक्रीकडचे. ती बागेतही राबायची आणि घरची धुणीभांडीही करायची. रविवारी दुपारी मी टीव्हीवर सिनेमा लावला की ती तूर निवडत बसायची आणि मी तिला गोष्ट सांगत जायचे. इंग्रजीचा एक शब्द कळत नसतानाही तिला माझ्याआधी हसू यायचं. याचा मला थोडा रागच यायचा.

एकदा सिनेमाच्या शेवटी त्या श्रीमंत मुलीनं फाटक्या खिशाच्या माणसाशी लग्न लावलं. मी डोळे पुसत होते. तिनं सूप खाली ठेवलं आणि गंभीरपणे विचारलं, "अक्का, आते भांडा कोन घासी?"

मी इतकी हसले की कपातला चहा साडीवर सांडला. तिचं ते वाक्य मी पुढे कित्येक वर्षं वर्गात स्वतःचं म्हणून खपवलं.

मग आमच्या धाकट्या लेकीचा पुण्याहून फोन आला. तिला सालदाराच्या मुलाशी लग्न करायचं होतं. तोही पुण्यातच इंजिनिअर, हुशार, निर्व्यसनी. मी "छान" म्हणाले आणि फोन ठेवल्यावर पलंगावर बसून राहिले. आमचे हे, ज्यांनी जन्मात एक सिनेमा शेवटपर्यंत पाहिलेला नाही, म्हणाले, "पोरगा सोन्यासारखा आहे. आणखी काय पाहिजे?" नाही म्हणायला माझ्याकडे असं एकही कारण नव्हतं, जे मला तोंडानं उच्चारता आलं असतं. म्हणून हो म्हटलं. पण मन काही केल्या तयार होईना.

का, हे मला चांगलं कळत होतं. मुलीच्या आईनं वरमाईचे पाय धुवायचे, ही आपल्याकडची रीत. मुलीकडची बाजू पडती. थोरलीच्या लग्नात भडगावच्या विहिणीचे पाय मी परातीत धुतले, पदरानं पुसले, हळदकुंकू लावलं, आणि काही जड गेलं नाही. आता माझी खरकटी भांडी घासणाऱ्या बाईचे पाय धुवायचे होते. मी मनातल्या मनात करून पाहायचे. खाली बसायचे, हात पुढे करायचे, आणि तिथेच अडकायचे. मला स्वतःची फार लाज वाटायची. पण नुसती लाज वाटून हात पुढे जात नाही.

कार्यक्रमांची यादी करताना मी धाकटीला म्हणाले, "ते पाय धुणं काढून टाकू. बाईनं बाईचे पाय धुवायचे, मागासलेपणा नुसता."

"ताईच्या वेळी?"

"तेव्हा तुझी आजी होती. तिच्यापुढे कोणाचं चालायचं?"

हे खोटं होतं. धाकटीनं माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि पेननं ती ओळ खोडली. मुलाकडे कळवायचं मात्र राहून गेलं. मला वाटलं ती सांगेल, तिला वाटलं मी सांगेन.

लग्न जळगावला कार्यालयात झालं. व्याहीभेटीला यांनी सालदाराला अशी घट्ट मिठी मारली की त्याचा फेटा तिरपा झाला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वरमाईशेजारी बसले होते. ती खुर्चीच्या कडेवर अवघडून बसली होती, पाय जरा पुढे घेऊन. माझी नजर तिच्या पायांवर गेली. टाचा दगडानं घासघासून लालसर झाल्या होत्या. केळीच्या चिकाचे काळे डाग सहजासहजी निघत नाहीत, पण एकही दिसत नव्हता. नवी जोडवी होती. नखांना रंग लावला होता, तो बोटांवर ओघळला होता. किती दिवस ती हे करत होती, कुणास ठाऊक.

तिच्याकडची एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "पाय धोवाना कार्यक्रम कव्हय शे?"

उत्तर मी द्यायचं होतं. मी पदर सारखा करत बसले. तेवढ्यात वरमाईच म्हणाली, "आमनामा तसं नही ऱ्हास." आणि तिनं दोन्ही पाय साडीखाली ओढून घेतले.

म्हातारी तिच्याकडे बघतच राहिली. वरमाईच्या स्वतःच्या मुलीच्या लग्नात, एरंडोलला, तिलाच विहिणीचे पाय धुताना मी स्वतः पाहिलं होतं, पाहुणी म्हणून पहिल्या रांगेत बसून.

अजूनही उशीर झाला नव्हता. आत परात होती, पाणी होतं. मी फक्त उठायचं होतं. धाकटी स्टेजवरून आमच्याकडेच बघत होती. मी उठले नाही.

"जेवी ल्या अक्का, कव्हयन्या उपाशी शेतस तुम्ही," ती म्हणाली. आणि कोणी अडवायच्या आत वरमाई उठली, गर्दीतून वाट काढत गेली आणि माझं ताट वाढून घेऊन आली. मी रोजच्यासारखं ते घेतलं.