फळीला ठोकलेले बूट

"बूड टेकलं की माणसाचं मडकं होतं," असं तो नेहमी म्हणायचा, आणि तेही उभ्यानेच. सगळे त्याला भिंगरी म्हणत. आईने ठेवलेलं नाव बायकोलाही आठवून सांगावं लागे.

नाटक कंपनीत तो जासूद व्हायचा. धापा टाकत यायचं, वाईट बातमी सांगायची, निघून जायचं. तेवढ्या चालीवर टाळ्या पडत आणि सिंहासनावरचे राजे मनातून जळत. मग मुके चित्रपट आले आणि या पायांना मोकळं रान मिळालं. तेव्हा कॅमेरावाला हाताने हँडल फिरवायचा. त्याची करकर कानावर आली की भिंगरीची पावलं तिला धरून पडत, रहाटाच्या आवाजावर बैल चालावा तशी. दोघे एकमेकांशी फारसे बोलत नसत. एकाच्या हाताचं आणि दुसऱ्याच्या पायांचं काय ते बोलणं झालेलं असे.

घरी मात्र याच पायांनी उच्छाद मांडला होता. चुलीपासून खिडकीपर्यंत फेऱ्या मारत तो जेवायचा. "ताटाला चाकं लावून आणू का?" असं बायको विचारायची. तिचंही काही चुकत नव्हतं. नवी जागा घेतली की थोड्याच दिवसांत याला भिंती टोचू लागत, मग पुन्हा बिऱ्हाड पाठीवर. खिळा ठोकून आरसा अडकवावा, इतकीही एखादी भिंत तिची झाली नव्हती.

पुढे चित्रपट बोलू लागले. भिंगरीचा आवाज नाटकात घोटलेला, खणखणीत. त्याला थेट बापाची भूमिका मिळाली, पुढची कामं कबूल झाली, वर स्टुडिओमागच्या दोन खोल्या, कायमच्या. बायकोने आरसा पुसून ठेवला. हा माणूस एका जागी उभा राहिलेला एकदा डोळ्यांनी बघायचाय, म्हणत ती चित्रीकरणाला आली.

मायक्रोफोन फुलदाणीत लपवला होता. फुलदाणीपासून दोन पावलं सरकलं की शब्द गेलेच. यंत्राची घरघर आवाजात येऊ नये म्हणून कॅमेरावाल्याला काचेच्या खोक्यात कोंडलं होतं. हँडल गेलं, आता सगळं मोटर फिरवायची. भिंगरी दुसऱ्याच वाक्याला चालू लागला. परत उभा केला, परत चालला. शेवटी वैतागलेल्या दिग्दर्शकाने सुताराकडून त्याच्या बुटांचे तळ फळीला ठोकून घेतले आणि त्यात त्याला उभा केला.

या वेळी सगळं बिनचूक झालं. एक शब्द वाया गेला नाही. मुक्या चित्रपटांत न बोलता माणसं रडवणारा त्याचा चेहरा मात्र विझलेल्या चुलीसारखा दिसत होता.

"छान. उद्यापासून असंच," दिग्दर्शक म्हणाला.

बायको उठली, फुलदाणीला वळसा घालून आली, त्याच्या पायाशी बसली आणि बुटांच्या नाड्या सोडू लागली.

"अगं, खोल्या जातील," तो हळूच म्हणाला.

"मडकं घेऊन दोन खोल्यांत मी काय करू? निघा तुम्ही. आरसा घेऊन मी येते मागून."

बूट तिथेच राहिले. तो अनवाणी निघाला, आधी जरा अडखळला, मग पाय सुटले. दिग्दर्शक हाका मारत होता. बायको जमिनीवर बसल्या बसल्या बघत राहिली. काचेच्या खोक्यातून कॅमेरावालाही बघत होता, आणि त्याचा उजवा हात हवेतच, हँडल नसताना, त्या पावलांना धरून गोल गोल फिरत होता.