काचेवरचा टिका

कुसुमताई गेल्याचा फोन आला, तेव्हा मी वाचनालयाच्या मागच्या खोलीत कॅमेरा स्टँडवर चढवत होतो. "काका, आई गेली," एवढंच त्यांची लेक मीनल अकोल्याहून बोलली. मी म्हणालो, "बरं." असल्या बातमीला कोणी बरं म्हणतं का? पण तोंडातून तेच निघालं... आणि मग कितीतरी वेळ मी रिकाम्या खुर्चीवर कॅमेरा रोखून बसलो.

अमरावतीच्या जुन्या फोटोंचा डिजिटल संग्रह आमच्या वाचनालयानं सुरू केला, तेव्हा घरोघरी जायचं काम आम्हां दोघांकडे आलं. बोलायचं ताईंनी, फोटो काढायचा मी. भिंतीवरच्या चौकटी आम्ही उघडत नसू. जुना फोटो काचेला चिकटलेला असतो, ओढला की चेहराच निघून येतो. काचेवरूनच काढायचा. ताई माळ्याच्या घरच्या, भावाचं हाराचं दुकान. फोटोवरचा सुकलेला हार काढला की जाताना पिशवीतला ताजा घालायच्या. "वाळलेला परत घालाचा नाही भाऊ. त्याईले वाटन, आपलं कोनी रायलं नाही."

राजापेठेतल्या एका घरात मात्र गडबड झाली. तिथल्या आजींच्या नवऱ्याचा फोटो होता, आपल्या कापडाच्या दुकानापुढे ऐटीत उभा. काचेवर, बरोबर कपाळाच्या जागी, कुंकवाचा जाड थर. चेहरा स्वच्छ यावा म्हणून ताईंनी माझ्या बॅगेतलं पिवळं फडकं ओलं केलं आणि काच लख्ख पुसली. आजी चहा घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या.

"पुसलं काय वं?... त्याईच्या मायनं लावला होता तो टिका. बुढी गेली, तवापासून मी रोज त्याच्यावरच बोट टेकवत होती."

ताईंनी आजींचे पाय धरले. आजीच उलट म्हणाल्या, "जाऊ दे माय, तुले काय मालूम." परतताना स्कूटरवर मागे बसून ताई रडत होत्या. "फोटो साफ आला हो भाऊ, पन त्या माउलीचं बोट मी पुसलं ना!"

त्या दिवशी पिवळं फडकं ताईंच्या टेबलाच्या खणात गेलं आणि खणाला कुलूप लागलं. मला हे अजिबात पटलं नव्हतं. पुढे कुठल्या काचेवर टिका दिसला की मी वैतागायचो, "अहो ताई, हा माणूस काय शहराच्या इतिहासात तोंडावर डाग घेऊन बसणार?" त्या थंडपणे म्हणायच्या, "बसू द्या. तो बी इतिहासच हाये." मग मी रुसायचो, आणि त्या स्वतःच्या कपातला अर्धा चहा माझ्यापुढे सरकवायच्या. असं आमचं भांडण वर्षानुवर्षं चाललं.

उपचारासाठी लेकीकडे अकोल्याला गेल्या, तिथे शेवटचं भेटलो. पार वाळल्या होत्या. मला वाटलं, तब्येतीचं काही बोलतील. तर म्हणतात कशा, "फडकं कुलपातच हाये ना, भाऊ?" मी हो म्हणालो. त्या हसल्या आणि डोळे मिटून पडून राहिल्या... फार आठवण येते हो त्या हसण्याची.

मागच्या आठवड्यात मीनल वाचनालयात आली. हा संग्रह ज्यांनी उभा केला त्यांचाही फोटो त्यात असावा, म्हणून मीच तो मागवला होता. चौकट कागदातून काढली आणि पाहतो तर टिका कपाळावर नाहीच, घसरून पार डाव्या डोळ्यावर आलेला.

"आजीनं, आईच्या मायनं लावला, काका. हात लय थरथरते तिचा," म्हणत मीनलनं रुमाल काढला. "थांबा, पुसून देते."

"हात नको लावू!" मी एवढ्या जोरात ओरडलो, की बाहेर पेपर वाचणारे वळून पाहू लागले. पोरीचे डोळे भरून आले. "पन आईचा चेहरा दिसला पाहिजे ना, काका!"

मग मी तिला राजापेठेतल्या आजींची गोष्ट सांगितली. तिनं रुमाल पर्समध्ये ठेवला आणि चौकट माझ्यापुढे सरळ धरली. आता संग्रहातल्या त्या फोटोत ताईंचा एकच डोळा नीट दिसतो. दुसऱ्यावर त्यांच्या आईचं बोट आहे.