काहिलीतला लाल हात

माझ्याकडून ती गोष्ट ऐकलेली माणसं सोलापुरात बरीच असतील. शाळेत शिकवत असताना एखादा तास मोकळा मिळाला की मुलं ओरडायची, "सर, लाल हात!" मी खडू खाली ठेवायचो, खिडक्या लावून घ्यायला सांगायचो आणि सुरू करायचो. तळ्याच्या तळाशी राहणारा मांत्रिक, त्याची उकळती काहील, समोर खांबाला बांधलेली राजकन्या. वाफ वर येते, पाणी डुचमळतं आणि हळूहळू एक हात बाहेर येतो. कोपरापर्यंत लाल. इथं मी टेबलाआडून माझा हात वर काढायचो आणि पहिल्या बाकावरची पोरं मागं सरकायची. हीच गोष्ट मी लग्नघरात रात्रीच्या पंगती उठल्यावर सांगितली, भाच्यांना सांगितली, त्यांच्या पोरांना सांगितली. शेवट ठरलेला असायचा : "ऐकीव नाही बरं का. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

मी बघितलेलं नाही. हे लिहायला बसलो ते एवढ्याचसाठी. पडद्यावर ते चाललं होतं तेव्हा माझे दोन्ही डोळे घट्ट मिटलेले होते. मी जे सांगत आलो ते माझ्या धाकट्या बहिणीनं माझ्या कानात सांगितलेलं. आणि आमच्या घरात भित्री म्हणून जन्मभर जी ओळखली गेली, ती हीच बहीण.

आमचं बिऱ्हाड तेव्हा विणकरांच्या गल्लीत होतं. वडील गिरणीत कारकून. आमचं एक घर सोडलं तर गल्ली सगळी तेलुगू बोलणारी, त्यामुळे आम्हा दोघांना खेळण्या-भांडण्यापुरतं तेलुगू आपोआप यायला लागलं होतं. समोर एक रंगारी राहायचा. त्याच्या अंगणात चुलाण पेटलेलं असायचं, वर मोठी काहील, आणि सुताच्या लडी बांबूवर घालून तो उकळत्या रंगात खालीवर करत असायचा. चादरींचा लाल रंग त्याच्या हातांत असा मुरला होता की सणाला न्हाऊनधुऊन नवा सदरा घातला तरी बाह्यांतून लाल हातच बाहेर यायचे. मला त्या हातांची फार भीती वाटायची. मी शाळेला जाताना गल्लीच्या दुसऱ्या कडेनं जायचो. बहीण मात्र दप्तर टाकलं की थेट त्या काहिलीपाशी जाऊन उकिडवी बसायची. रंगारी ओरडायचा, "लांब सरक गं, उडंल अंगावर." ती वीतभर सरकायची आणि पुन्हा बघत राहायची.

रविवारी सकाळच्या खेळाला टॉकीजमध्ये तेलुगू सिनेमा लागायचा. शेजारच्या अक्का, ज्या घरी विड्या वळायच्या, त्या गल्लीतली पोरं गोळा करून न्यायच्या. पोरांनी बायकांच्या बाजूला बाकावर बसायचं. पदरात शेंगा बांधलेल्या असायच्या, त्या मध्यंतरापर्यंत पुरवून खायच्या. आणि या सगळ्याच्या बदल्यात एक काम असायचं. सोमवारी दुपारी अक्कांच्या ओसरीवर विड्या वळायला, मागासाठी सुताच्या कांड्या भरायला बायका जमायच्या. त्यांना काही दर रविवारी टॉकीजला जाणं परवडायचं नाही. मग पिक्चर बघून आलेल्या एखाद्या पोरानं त्यांना अख्खी गोष्ट सांगायची. त्यांचे हात चालू, आपलं तोंड चालू. चांगली सांगितली तर गूळ मिळायचा, नाही तर "ह्याला कशाला नेलं, झोपला होता वाटतं," असं ऐकावं लागायचं. मी मराठी घरचा, तरी गोष्ट सांगायला मलाच बसवायचे. मला त्याचा केवढा अभिमान होता!

त्या रविवारी मी आठ वर्षांचा होतो, बहीण सहाची. तिचा तो पहिलाच सिनेमा. सुरुवातीची गाणी, राजवाडा, विदूषक, सगळं छान चाललं होतं. मग तो मांत्रिक तळ्याच्या पायऱ्या उतरून पाण्याखाली गेला, बाजा थांबला, आणि पडद्यावर चुलाणावर चढवलेली एक काहील दिसली. आमच्या समोरच्या अंगणातली असावी तशीच. मी डोळे मिटले. पण मिटून भागणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी ओसरीवर काय सांगू?

"काय चाललंय गं?" मी तिच्या कानाशी लागलो.

"वाफ येतीय."

"मग?"

"पाणी हलतंय. आत कोणतरी हाय."

"कोण?"

ती जरा थांबली. "हात आला वर."

"कसला हात?"

"लाल. हितंपर्यंत." आणि तिनं माझ्या कोपरावर बोट टेकवलं.

ते बोट लागलं आणि मी किंचाळलो. साधंसुधं नाही. मागच्या बायका उठून उभ्या राहिल्या, कोणाचं तरी तान्हं रडायला लागलं. अक्कांनी अंधारात हाताला लागतील ते दोन दंड धरले आणि आम्हाला ओढत बाहेर आणलं. उजेडात आल्यावर दम लागल्यासारखं झालं त्यांना. "एमैंदी? काय झालं? कोण वरडलं रे?"

मी बहिणीकडं बोट केलं. "ही."

तिच्या एका मुठीत शेंगा होत्या. तिनं माझ्याकडं बघितलं. बोलायला तोंड उघडलं असावं असं मला आठवतं, पण ती काही बोलली नाही. अक्कांनी तिला पोटाशी धरलं आणि "भयपडकु, भयपडकु," म्हणजे भिऊ नको, भिऊ नको, असं थोपटत राहिल्या. त्या थोपटण्याची खरी गरज मला होती. मी शेजारी उभा राहून बघत होतो.

घरी आईनं तिच्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. "लईच भित्री निघाली की पोरगी," असं ती शेजारणीला म्हणाली, आणि ते शब्द घराला चिकटले. दुसऱ्या दिवशी ओसरीवर मी लाल हात सांगितला. बायकांच्या हातांतली विडी थांबली. एवढा मोठा गुळाचा खडा मला त्याआधी कधी मिळाला नव्हता. बहीण कोपऱ्यात कांड्या भरत बसली होती. "लाल" म्हटल्यावर तिनं मान वर केली, मग परत खाली घातली. मी तिला गूळ देऊ केला. तिनं घेतला, हेही लिहून ठेवतो.

त्यानंतर तिला कुणी सिनेमाला नेलं नाही. रविवारी आम्ही निघायचो तेव्हा ती दारात उभी असायची. एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण आमच्याकडं एकदा माणसाला एक विशेषण लागलं की सगळे निर्णय त्यातून व्हायला लागतात. तिला पोहायला नको, घाबरेल. तिला नर्सिंगला नको, रक्त बघून घाबरेल. वडील शेवटचे दवाखान्यात होते तेव्हा ती दुधनीला सासरी होती. मोठी माणसं म्हणाली, तिला एवढ्यात कळवू नका, तिला झेपायचं नाही. तिला कळवणं माझ्याकडं होतं. मी कळवलं नाही. ती आली तेव्हा वडिलांना अंगणात ठेवलेलं होतं. "मला आधी का नाही बोलावलं?" तिनं विचारलं. आत्या म्हणाली, "तू भित्री गं बाई, तुला कसं सोसलं असतं?" मी शेजारीच उभा होतो. लहानपणी टॉकीजच्या दारात उभा होतो तसाच.

आता ती सत्तरीत आहे, मुलाकडं जुळे सोलापूरला राहते. तिचं-माझं छान आहे. आठवड्यातून दोनदा मी रिक्षानं जातो, आम्ही चहा पितो आणि एकमेकांच्या औषधांना नावं ठेवतो. गेल्या वर्षी माझ्या लक्षात यायला लागलं की ती चहा कपात न ओतता बशीच्या कडेला ओततेय. दारात मी उभा राहिलो तरी आवाज येईपर्यंत हसत नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, डॉक्टर म्हणाले, पिकत चाललाय, फार थांबू नका. पण भाचा थांबला होता.

"मामा, पूर्ण भूल देत नाहीत आता. शुद्धीत ठेवूनच करतात," तो मला गॅलरीत नेऊन हळू आवाजात म्हणाला. "डोळा उघडा, माणूस जागा. तुम्हाला आईचा स्वभाव माहीतच आहे. ऐन वेळेला हलली, ओरडली तर डोळा जायचा. त्यापेक्षा जेवढं दिसतंय तेवढं दिसू दे."

मी "हं" म्हणालो. तेवढंच म्हणालो, आणि घरी येऊन दोन रात्री झोपलो नाही. वडिलांच्या वेळी मी गप्प बसलो, त्यात तिची शेवटची भेट हुकली. आता बसलो तर ती आंधळी होणार होती.

पुढच्या खेपेला गेलो तर भाचा खुशीत दारात उभा. "मामा, बसा. गंमत दाखवतो. तुमचा लाल हात सापडला!" त्यानं मोबाईल माझ्यापुढं धरला. कुणीतरी तो जुना तेलुगू सिनेमा इंटरनेटवर टाकला होता. राजवाडा, विदूषक.

तेवढ्यात तोच म्हणाला, "पण मामा, हा तर ब्लॅक अँड व्हाइट आहे. तुम्हाला हात लाल कुठनं दिसला?"

पिक्चर काळा-पांढरा होता हे मला माहीत नव्हतं असं नाही. राजवाडा मला करडाच आठवायचा. पण तो हात आठवला की लालच यायचा, आणि इतक्या वर्षांत ह्या दोन गोष्टी मी शेजारीशेजारी ठेवून बघितल्याच नव्हत्या. ऐकणाऱ्या कुणी तो पिक्चर बघितलेला नव्हता. विचारणार कोण?

"बंद कर ते," मी म्हणालो. मग सगळं सांगितलं. डोळे कुणी मिटले, किंचाळलं कोण, बोट कुणी कुणाकडं केलं. सूनबाई पोळी लाटायची थांबून दारात आली. भाचा आधी हसला, मग हसायचा थांबला. "म्हणजे आई भित्री नाही?"

"त्या दिवशी तर नव्हती. मी होतो. अजून आहे."

आतल्या खोलीतून बहिणीचा आवाज आला. "मला माहीत हाय की. मी तिथंच होते."

आम्ही आत गेलो. ती पलंगावर बसून हातानं चाचपत मेथी निवडत होती. "मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"मला कुणी विचारलं होतं?" ती म्हणाली. "आताबी दोघं गॅलरीत जाऊन कुजबुजता. मला वाटतं, डोळा माझा हाय." मग मुलाकडं तोंड करून, "कधी न्यायचं ते सांग. मेथीत गवत येतंय माझ्या."

वडिलांच्या वेळचं मी काढायला गेलो. तिनं हात वर केला. "त्याचं नको बोलू दादा." त्याची भरपाई तिनं मागितलेली नाही आणि माझ्याकडं ती नाहीही.

ऑपरेशनच्या दिवशी बाकावर भाचा आणि मी बसलो होतो. सिस्टर बाहेर येऊन भाच्याला म्हणाली, "आजी एकदम शांत आहेत. या बाबांना मात्र पाणी द्या." बहीण चाकाच्या खुर्चीवरून बाहेर आली ती एका डोळ्याला पट्टी लावून, आणि बोलतच. "दादा, आत रंगीत पाणी दिसतं रे! लाल, निळं, हलतंय नुसतं. रंगाऱ्याच्या काहिलीत दिसायचं तसं."

चार दिवसांनी गेलो तर काळा चष्मा घालून राणीसारखी बसली होती. मोबाईल, टीव्ही बंद, असं डॉक्टरांनी बजावलेलं. म्हणाली, "लाव तो पिक्चर."

"तुला बघायचा नाही."

"मी कुठं बघते? तू बघ. मी डोळे मिटते. तू सांग."

मी लावला. वाट बघता बघता मी तिला इतके दिवस मनात असलेला प्रश्न विचारला. "पण काय गं, पडद्यावर सगळं करडं. तुला तो लाल कसा दिसला?"

ती हसायला लागली. डोळ्याला धक्का नको म्हणून चष्मा धरून हसली. "मला कुठं दिसला? बाजा थांबला तवाच मीबी मिटले की डोळे."

"आणि सांगत होतीस ते?"

"तू विचारत होतास ना. दादा विचारतोय म्हटल्यावर काहीतरी सांगाय नको? रोज बघत होते ते सांगितलं. रंगाऱ्याचे हात."

"मग ऑपरेशनला? घाबरली नाहीस?"

"लई घाबरले. तिथं डोळा मिटताच येत न्हाई, काय करणार?"

म्हणजे आम्ही दोघांनीही तो प्रसंग बघितला नव्हता. शाळेतल्या पोरांना मी ज्याच्या जिवावर घाबरवत आलो तो हात सहा वर्षांच्या मुलीनं मिटल्या डोळ्यांनी केलेला होता. निदान ह्यापुढं ज्यांना ती गोष्ट कुणाला सांगायची असेल त्यांनी तिची म्हणून सांगावी.

मोबाईलवर बाजा थांबला. मांत्रिक पाण्याखाली गेला. मी डोळे उघडे ठेवले. त्याला जरा कष्ट पडले, हेही खरं. वाफ आली, पाणी हललं, आणि एक हात वर आला. पिठात बुडवून काढल्यासारखा पांढरट, बोटं जाडी, मनगटाशी हातमोज्याची शिवण स्पष्ट दिसत होती.

"आला का?" तिनं विचारलं. चष्म्याआड डोळे मिटलेले होते आणि तिनं माझा दंड धरला होता.

"आला."

"कसला हाय?"

"लाल," मी म्हणालो, आणि तिच्या कोपरावर बोट टेकवलं. "हितंपर्यंत."