बाबारावांची कवळी

विमलाबाई मेश्रामांना एकाहत्तराव्या वर्षी सवत आली, असं आम्ही रायपूरच्या तात्यापाऱ्यातले शेजारी चेष्टेनं म्हणायचो. सवतीचं नाव सोनिया. वय चोवीस, नोकरी नवा रायपुरातल्या एका वृद्धाश्रमात मदतनिसाची, आणि गुन्हा एकच. विमलाबाईंचे यजमान बाबाराव तिच्यासमोर तोंड उघडत.

बाबाराव रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होते. गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला आणि डावी बाजू लुळी पडली. मुलगा सुशील उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये शिफ्टमध्ये काम करणारा, विमलाबाईंचे गुडघे कामातून गेलेले. बाबारावांना उचलणार कोण? म्हणून आश्रम. विमलाबाई दोन बस बदलून रोज सकाळी तिथे हजर होत. नवऱ्याची दाढी, नखं, कपडे सगळं स्वतः करत. तोंड मात्र सोनियाकडे.

बाबारावांना वर-खाली दोन्ही कवळ्या होत्या. पंचवीस वर्षं त्या विमलाबाईंनी तोंडाबाहेर कधी पाहिल्या नव्हत्या. बाबाराव मोरीचं दार लावून त्या धूत. माणूस लाजरा आहे, एवढंच बायको समजत आली. आणि इथे ही कालची पोरगी "बाबूजी, आ करो" म्हणायची आणि ते आ करायचे. ती कवळ्या काढून वाटीत मऊ ब्रशनं घासायची, बोटाला ओलं कापड गुंडाळून हिरड्या पुसायची, लुळ्या गालात अडकलेली शितं काढायची. धार काढताना गाय उभी राहावी तसे बाबाराव शांत.

विमलाबाईंच्या पोटात दुखायचं. स्पष्टच सांगायचं तर त्या जळत होत्या. खरीच सवत असती तर झिंज्या तरी उपटता आल्या असत्या. हिचे तर वरून उपकार मानायचे होते.

एका सोमवारी त्यांनी तिला सुनावलं, "आजपासून त्यांच्या तोंडाले तू हात लावू नको. मी करीन. संध्याकाळचंही करूनच जाईन. बावन्न वर्षं झाली आमच्या लग्नाले."

"हव आंटी," तिनं मान डोलावली. "बस, गाल के अंदर जरूर देखना."

"मले नको शिकवू."

पण बाबारावांनी ओठ घट्ट मिटले. मंगळवारी भिंतीकडे तोंड केलं. बुधवारी विमलाबाईंनी हनुवटी दाबून पाहिली, तर त्यांनी चांगल्या हातानं बायकोचा हात झिडकारला. रोज संध्याकाळी सोनिया विचारायची, "हो गया ना?" आणि विमलाबाई, जन्मात कधी खोटं न बोलल्याच्या थाटात, "झालं" म्हणून बस पकडायच्या.

शनिवारी बाबारावांनी भाताची पेजही नाकारली. तोंडाला घाण वास येत होता. सोनिया कुणाला न विचारता पलंगावर बसली. "बाबूजी, आ करो." त्यांनी उघडलं. वरच्या कवळीखाली टाळू लालभडक, त्यावर पांढरे चट्टे, हिरडीला जखम, आणि गालात कुजलेला भात. सोनियानं विमलाबाईंकडे एकदा पाहिलं आणि बोटाला ओलं कापड गुंडाळलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं विमलाबाईंना झालं. डॉक्टरांनी लावायचं औषध दिलं आणि काही दिवस कवळ्या बाहेरच ठेवायला सांगितल्या.

सोनिया बाहेर गेल्यावर विमलाबाई रडल्या नाहीत, भांडल्या. "तिच्यापुढं उघडता, माझ्यापुढं काहून नाही? मी परकी आहो का?"

 बाबाराव जड जिभेनं म्हणाले, "तू हासली होती."

"कधी?"

"नवीन बसवली तवा. दवाखान्यातून आलो, त्या दिवशी. तू न् तुही बहीण."

विमलाबाईंना काही आठवेना. हसल्या असतील, त्या कुणालाही हसत. बहीण इंदूला जाऊन पंधरा वर्षं झालेली, आता विचारायचं तरी कुणाला? त्यांनी तो दिवस पुन्हा पुन्हा आठवून पाहिला. काहीच हाती लागलं नाही. आणि हा माणूस पंचवीस वर्षं त्याच एका हसण्यापायी दार लावून घेत होता.

"आता नाही हासणार," त्या म्हणाल्या.

बाबारावांनी ओठ मिटून घेतले.

औषधाची वेळ झाली तेव्हा सोनिया वाटी घेऊन आली आणि दारातच थांबली. आत यावं की नाही, तिला कळत नव्हतं.

"कर तू," विमलाबाई उठत म्हणाल्या. "मी बाहेर बसतो."

व्हरांड्यातल्या बाकावर त्या गुडघे चोळत बसल्या. आतून "आ करो" ऐकू आलं. हेवा काही गेला नव्हता. उलट आता जास्तच झोंबत होता, कारण त्या पोरीनं मोठं काहीच केलं नव्हतं, ती फक्त कधी हसली नव्हती. विमलाबाईंना उठून आत जावंसं वाटलं. पण सोनियानं हाक मारेपर्यंत त्या तिथंच बसून राहिल्या.