भिंतीपल्याडचं दळण

माझ्या आबांनी आणि काकांनी एका बाभळीपायी एकमेकांशी बोलणं टाकलं. बाभूळ वाटणीच्या बांधावर उभी होती, ना धड आमच्या शेतात, ना त्यांच्या. काकांनी ती नांगरासाठी तोडली आणि थोरल्या भावाला विचारलं नाही, एवढाच गुन्हा. पण सख्खे भाऊ ते, दोघांच्याही डोक्यात त्याच बाभळीचे काटे. तक्रार पटवाऱ्याकडं गेली, तिथून धाराशिवच्या कचेरीत गेली. निजामाचं राज्य, सगळा कारभार उर्दूत. कचेरीतून कागद आला तो गावात एकालाच वाचता येत होता, आणि त्या शहाण्यानं दोघांनाही वेगवेगळं गाठून सांगितलं की निकाल तुमच्याच बाजूनं लागलाय. मग काय, दोघेही जिंकले आणि घराच्या मधोमध मातीची भिंत उभी राहिली.

भिंतीवर भागलं असतं तरी बरं होतं. दोघांनी खंडोबाचा भंडारा उचलून शपथ घेतली. ह्या घरानं त्या घराशी बोलायचं नाही, निरोप धाडायचा नाही, आणि बोलावल्याशिवाय उंबरा चढायचा नाही. आता बोलायचंच नाही तर बोलावणार कोण, हे दोघांनाही सुचलं नाही. पुरुषमाणसं शपथ घेताना फार पुढचं बघत नाहीत.

ह्यात भरडल्या गेल्या त्या दोघी, माझी माय आणि माझी काकू. काकू मी तिला कधी म्हटलंच नाही, कारण ती मायची सख्खी धाकटी बहीण, म्हणजे माझी मावशी. अणदूरच्या दोन बहिणी एकाच मांडवात दोन भावांना दिलेल्या. खंडोबा तर त्यांच्या माहेरचाच देव, तेव्हा त्याच्या भंडाऱ्याची शपथ मोडायची छाती दोघींना नव्हती. मलाही बजावलेलं होतं. मावशी आडावर भेटली की मी खाली मान घालायचे आणि तिच्या पायातली जोडवी बघत राहायचे.

भिंत झाली त्याच साली मावशीला दिवस गेले. तिची आधीची दोन लेकरं जन्मताच गेली होती. दुसऱ्या खेपेला सुईणीनं हात टेकले तेव्हा मायनंच तिला धरून ठेवलं, नाहीतर तीही हाताला लागली नसती, असं गावात सगळे म्हणायचे. अणदूरला आता आईबाप राहिले नव्हते. आई गेली की थोरली बहीण हेच माहेर, आणि ते माहेर वीतभर भिंतीच्या अलीकडं शपथेत अडकून बसलेलं. माय दिवसभर कामात असायची, पण तिच्या जिवाला एकच घोर होता. हिची वेळ येईल तेव्हा मी हिच्याजवळ असेन का?

वाटणीत जुनं जातं आमच्याकडं आलं होतं. काकांनी नवं घेतलं, आणि मावशीनं ते मुद्दाम भिंतीला लागून मांडलं. मग मायनंही आमचं जातं सरकवत सरकवत भिंतीशी नेलं. दिवाळी सरून थंडी पडायला लागली होती. एका पहाटे मी गोधडीत पडलेली असताना मायचं दळण सुरू झालं, पलीकडचंही सुरू झालं, आणि माय गाऊ लागली. दळताना बायका गायच्याच, त्यात नवं काही नव्हतं. पण ही ओवी मी आजवर ऐकली नव्हती.

मातीच्या भिंतीला न्हाई दार, न्हाई खिडकी
कशी हायेस गं, माझ्या मायची लाडकी?

पलीकडचं जातं थांबलं. मी गोधडीतून डोकं बाहेर काढलं. मग घरघर पुन्हा सुरू झाली आणि मावशीचा बारीक आवाज भिंतीतून पाझरत आला.

सात म्हैने सरले, आक्का, पोटात लाथ बसं
दोन गेली हातची, तिसऱ्याचं सांगू कसं?

शपथ बोलण्याची होती. ओवी म्हणायची नाही असं कुणी म्हटलं नव्हतं. भंडारा उचलताना जात्याची आठवण कुणाला राहते? पण मला खरं नवल वाटलं ते वेगळंच, आणि आज म्हातारपणीही ते कमी झालेलं नाही. माझ्या मायला अक्षर ठाऊक नव्हतं. एका हातानं खुंटा ओढायचा, दुसऱ्या हातानं जात्याच्या तोंडात दाण्यांची वैरण घालायची, सुपातलं सरत आलंय का हे अंधारात चाचपायचं, आणि ह्या सगळ्यात मनातलं दुःख उचलून ते यमकात बसवायचं. ते तिला जमत कसं होतं? दिवसा हीच बाई मीठ कुठं ठेवलंय ते विसरायची.

त्या दिवसापासून आमच्या घरात पिठाला तोटा राहिला नाही. रोज पहाटे दळण. ज्वारी संपली तर हरभरा, हरभरा संपला तर शेजारणीचं दळण मागून आणून. आबा म्हणायचे, "घरात माणसं तीन आन् पीठ दहाव्याच्या पंगतीचं." पण तेही गोधडीत डोळे मिटून जागेच असायचे. एकदा मायला बरं नव्हतं, ती उठली नाही, तर आबांनीच अस्वस्थ होऊन विचारलं, "आज दळायचं न्हाय व्हय? पीठ सरलं असंल की." डबा तर शिगोशीग भरलेला होता.

मायनं कुंची शिवायला घेतली, तान्ह्याचं डोक्यापासून पाठीपर्यंत झाकणारं टोपडं. लढाईचे दिवस, कापडावर कंट्रोल, नवं काही मिळायचं नाही. आणि तान्ह्या लेकराला पहिलं कापड जुनंच घालायचं असतं. आबांचा विरलेला पटका, तिच्या स्वतःच्या लग्नातल्या खणाच्या चोळीची पाठ, उरलेसुरले तुकडे. रॉकेल मिळत नसल्यानं शिवण दिवसाउजेडीच. दुपारी ती दारात ऊन धरून बसायची आणि मी सुईत दोरा ओवून द्यायचे. दोन गेलेल्या घरात तिसऱ्यासाठी आधीच कापड शिवणं म्हणजे नजरेला आवतण, असं शेजारणीनं तोंडावर सांगितलं. माय म्हणाली, "म्या पुरी केलीच न्हाय तर नजर कशाला लागंल?" आणि तिनं खरोखरच शेवटच्या टाक्याला गाठ मारली नाही, दोरा तसाच लोंबत सोडला. दुसऱ्या दिवशी पहाटे जात्यावर बातमी गेली.

भ्येऊ नगं बाई, घेतलाया सुई-दोरा
कुंचीच्या माथ्याला बशिवते मोरतुरा.

पलीकडून हसू ऐकू आलं. भिंत झाल्यापासून मावशीचं हसू मी प्रथमच ऐकत होते.

वेळ अमावस्या जवळ आली. आमच्याकडं हा सण घरात करत नाहीत, शेतात करतात. उभ्या शाळूच्या ज्वारीत कडब्याची कोप करायची, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, त्यांची पूजा करायची, आणि आंबील, भज्जी, उंडे असं सगळं तिथंच जेवायचं. वाटेनं जाणाऱ्या परक्यालाही हाका मारून जेवायला बसवायचं. त्याच आठवड्यात मावशीचा डोहाळा आला.

चुलीचा धूर सोसंना, गिळंना भाकर
आक्काच्या हातचा रोडगा, नगं दूध-साखर.

अमावस्येच्या सकाळी मायनं अंगणात गोवऱ्या पेटवल्या. गव्हाचं जाडंभरडं पीठ, तेलाचं मोहन, ओवा, मीठ. मुठीपेक्षा मोठे गोळे. गोवऱ्यांचा लालभडक विस्तव झाला तसे ते गोळे तिनं सरळ निखाऱ्यांत ठेवले आणि वरून राख ओढली. बाजूला वांगी. ना तवा, ना कढई, ना पाणी. पांढरं कच्चं पीठ आगीत पुरायचं आणि गप्प बसायचं! मला दरवेळी वाटायचं, आता कोळसा निघणार. थोड्या वेळानं राखेतून खरपूस वास यायला लागला. मायनं एक रोडगा उकरून काढला, फडक्यात धरून राख झटकली आणि बोटानं टकटक वाजवून पाहिला. मग फोडला. आतून पांढरी वाफ आणि भुसभुशीत गाभा. तिनं त्यात तूप सोडलं, ते क्षणात आत जिरलं. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले.

शेतात आमची कोप बांधाच्या अलीकडं, काकांची पलीकडं, मध्ये बाभळीचा तुटका बुंधा. शाळू पुरुषभर उंच, खाली हरभरा, कडेला करडई, जवसाची निळी फुलं. पूजा झाल्यावर आबा आरोळी देत शेताभोवती आंबील शिंपायला निघाले, मागं माय, तिच्यामागं मी. पलीकडून काकाही तसेच निघालेले, मागं जडावलेली मावशी. बुंध्यापाशी माय थांबली. पदराखालून तिनं गाठोडं काढलं. बाहेरून कुंची, आत रोडगे आणि भरीत. ते तिनं बुंध्यावर ठेवलं आणि आबांना म्हणाली, "भुईचा वाटा ठिवते." आबांनी गाठोड्याकडं पाहिलं. त्यातून आपला पटका डोकावतोय हे त्यांना दिसलंच असणार. म्हणाले, "ठेव की. भुईला न्हाय म्हणू न्हाय."

मावशी बांधाच्या त्या बाजूला आली. "बांधावरचा निवद ज्याला सापडंल त्याचा," असं आपल्या नवऱ्याला सांगून तिनं गाठोडं उचललं. त्या वेळी दोघाही भावांना एकदम आभाळ बघायची हुक्की आली. आभाळात कावळादेखील नव्हता.

मावशी तिथंच मातीत बसली आणि खाऊ लागली. अलीकडं माय उभी, दोघींत हातभर अंतर. मावशीनं घास चावला की मायच्या गळ्याशी काहीतरी हलायचं, जणू तीच गिळत होती. जेवणं झाल्यावर मावशीनं कुंची उलगडून डोळ्यांना लावली आणि पोटाशी धरून आपल्या कोपीकडं गेली.

पौषातली एक पहाट. मायनं जातं धरलं, पण पलीकडं घरघर नव्हती. तिनं एक ओवी म्हटली. वाट पाहिली. दुसरी म्हटली. भिंत गप्प. मग पलीकडून कण्हण्याचा आवाज आला, दाबलेला, आणि मायचा हात खुंट्यावर थिजला. तिला सगळं कळलं होतं. दार चार पावलांवर होतं, पण बोलावणं नव्हतं. मी तिला रडताना कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ती जात्यावर कपाळ टेकून रडली.

तेवढ्यात पलीकडचं जातं फिरलं. पण कसं? धडपडत, अडखळत, दगडावर दगड आपटत. हे बाईचं दळणं नव्हे. आणि एक घोगरा, फाटका आवाज आला.

वैनी वो वैनी, रातीपास्नं दुखतंया पोट
सुईण म्हणती आडलंया...

इथं तो थांबला. जुळणारा शब्द त्याला सापडेना. जातं नुसतंच फिरत राहिलं. काका जात्यावर बसले होते! सबंध पंचक्रोशीत मिशीला पीळ देऊन हिंडणारा माणूस. म्हणजे इतके दिवस तेही गोधडीत पडून सगळं ऐकत होते. पुन्हा आवाज आला, ना चाल ना यमक, "तुमी या... वैनी, तुमी या..."

माय उठली. दाराशी जाऊन तिनं वळून पाहिलं, तर आबा तिच्या आधीच तिथं पोचले होते आणि अडसर काढत होते. "बोलावलंय तुला," ते म्हणाले. "जा, पळ." पिठाच्या हातांनीच ती गेली.

पलीकडून पुन्हा घरघर. "निघाल्या का वो..."

आबांनी इकडं तिकडं पाहिलं. घरात मी आणि ते, आणखी कोणी नाही. मग धोतर सावरून ते जात्याशी बसले. माझ्या आबांनी जन्मात जात्याला हात लावला नव्हता. त्यांनी दोन्ही हातांनी खुंटा धरला, ओढला, आणि भजनाच्या खड्या आवाजात म्हणाले, "निघाली रं... निघाली..."

त्यानंतर दोघेही थांबले नाहीत. थांबून करायचं काय, हे दोघांनाही माहीत नव्हतं. इकडून घरघर, तिकडून घरघर, मधूनच पलीकडची किंकाळी, की दोघांचीही जाती जोरात फिरायची. मी सुपातून मुठी मुठी ज्वारी घालत होते आणि पीठ कसलं, नुसती भरड बाहेर पडत होती. आबांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. दारात उजेड आला, गाई हंबरायला लागल्या, तरी कुणी उठेना. मी मनातल्या मनात खंडोबाला म्हटलं, हवं तर माझ्या वाटचा गूळ घे, पण मावशीला ठेव.

मग लेकरू रडलं. असं खणखणीत, की भिंत नसल्यासारखं वाटलं.

"दादा," काका पलीकडून ओरडले, "पोरगी झाली!"

"बाळंतीण?"

"बरी हाय. वैनीनं वाचिवलं तिला, दादा."

"रडायलास काय येड्या?"

"तुमी न्हाय व्हय रडत?"

आबांनी तोंडावरून हात फिरवला, तर सगळं तोंड पिठानं माखलं. मी जात्याकडं पाहिलं आणि कान देऊन पलीकडचंही ऐकलं. दोन्ही जाती केव्हाच थांबली होती. ते दोघे नुसते बोलत होते.