धुऱ्यावरचा आंबा
आज सकाळी ग्रामपंचायतीत कुणीतरी शाईच्या पॅडचं झाकण उघडलं आणि त्या वासानं मला वाशीमच्या नोंदणी कचेरीत नेऊन उभं केलं. वडील गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी मी बहिणीला हक्कसोड लिहून घ्यायला तिथं नेलं होतं. आमच्याकडे बहीण वावरातला हिस्सा सोडते आणि भाऊ तिला साडी घेतो. मीही घेतली होती. तिला सही येत होती. येताना बसमध्ये तिनं तिकिटाच्या मागे दोनदा नाव लिहून पाहिलं होतं. पण मागे रांग वाढत होती, म्हणून मीच म्हणालो, "अंगठाच लाव वं, लवकर होते." तिनं पेन खाली ठेवलं. "दादा, धुऱ्यावरचा आंबा तरी माहा राहू दे," एवढंच ती म्हणाली, आणि मी हसलो. काखेतल्या नव्या साडीला लागू नये म्हणून अंगठ्याची शाई तिनं पायरीच्या दगडाला पुसली. पुढे नवरा वारला आणि ती गावात परत आली. आता इतर बायांसोबत माझ्याच वावरात रोजानं तण निंदायला येते. आज दुपारी बांधावरच्या त्या आंब्याखाली भाकर सोडण्याआधी तिनं मला विचारलं, "दादा, इथं बसू का?"